वसुधा गाडीत बसली

माझी सून हर्षिता पुण्याची. तिच्या तोंडी हल्ली सारखा एकच शब्द असतो, स्ट्राँग फीमेल लीड. रविवारी टीव्हीसमोर बसलो की ती मला दाखवते, "आई, ही बघा, किती स्ट्राँग आहे." मी बघते. एक पोरगी दहा दांडग्यांना लोळवत असते आणि तिच्या कपाळावरची बट जागची हलत नाही. मी म्हणते, छान आहे. वाद घालायचं माझं वय राहिलं नाही असं मी चारचौघांत सांगते, पण खरं म्हणजे वाद घालायला मला अजून फार आवडतं. या एका विषयात मात्र मी गप्प बसायची. चोराच्या मनात चांदणं! हिंदी पिक्चरमधल्या एका बाईच्या बाबतीत मी मोठा गुन्हा केला होता आणि तो चाळीस वर्षं पोटात ठेवला होता.

तेव्हा मी यशवंतपूरच्या बाजारामागे एका शेडमध्ये अगरबत्त्या वळायला जात होते. आम्ही बेंगळूरचे जुने मराठे. पूर्वजांच्या तलवारी भिंतीवर टांगलेल्या, पण नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्या तलवारींनी काही चूल पेटली नाही. मग मीच बाहेर पडले. शेडमध्ये आम्ही वीस-बावीस बायका. पुढ्यात लाकडी पाट, एका बाजूला काळ्या मसाल्याचा गोळा, दुसऱ्या बाजूला बांबूच्या काड्या. काडी पाटावर ठेवायची, मसाला लावून तळहातानं वळायची आणि सुकायला टाकायची. दिवसभर हात कामात आणि कान रिकामे. त्या रिकाम्या कानांसाठी मी पिक्चर सांगायला लागले.

माझे वडील लष्करात होते. लग्नाआधी मी झाशी, अंबाला असं हिंडले होते, त्यामुळे सगळ्या शेडमध्ये हिंदी समजणारी मी एकटी. रविवारी मॅजेस्टिक भागातल्या एखाद्या थिएटरात अडीचचा मॅटिनी बघायचा आणि सोमवारी सकाळपासून कन्नड-मराठीची मिसळ करून सांगायचा. एक पिक्चर तीन दिवस पुरायचा. गाणी मी म्हणायची, मारामारी आली की पाटावर थापा मारायची. आमच्यावर देखरेख करणारा मेस्त्री दाराशी येऊन उभा राहायचा आणि आपण काही ऐकत नाही असं दाखवायचा. रडायच्या जागी त्याच्याही डोळ्यांत अगरबत्तीची धूळ जायची.

आता गुन्हा सांगते. माझ्या सासूबाईंचा नियम होता की तिन्हीसांजेला देवापुढचा दिवा सुनेच्याच हातानं लागला पाहिजे. पाऊस असो, ताप असो, सून सहाच्या आत घरात हवी. मी भजनाला जाते म्हणून सांगून निघायची. मॅटिनी सुटायला साडेपाच उलटायचे आणि बस धरायची म्हणजे मला सव्वापाचलाच उठावं लागायचं. अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात मी बाहेर पडायची. शेडमधल्या चार वर्षांत मी साठ-सत्तर हिंदी पिक्चर पाहिले असतील. एकाचाही शेवट पाहिला नाही.

पहिल्यांदा बायकांनी विचारलं, "आखरीला काय झालं, अक्का?" तेव्हाच "ठाऊक नाही" म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण सगळ्या जणी तोंडाकडे बघत होत्या आणि माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं. मी शेवट रचून सांगितला. मग तशी सवयच लागली. त्या काळी पिक्चरमधली बाई एकतर खोकून मरायची, नाहीतर नवऱ्यावर झाडलेल्या गोळीसमोर स्वतः यायची. माझ्या पिक्चरमध्ये एकही बाई मेली नाही. अख्खा आठवडा काढायचा असताना बुधवारीच बाईला मारून कसं चालेल? माझ्या बायका शाळा काढायच्या, दिरानं लाटलेलं शेत परत घ्यायच्या, एकीनं तर टॅक्सी चालवली. माझं काय जात होतं?

माझ्या उजव्या हाताला चंपा बसायची. निपाणीकडची, चोवीस वर्षांची, पदरात तीन वर्षांची मुलगी. नवरा देवाप्पा बाजारात हमाली करायचा आणि घरी येऊन तिला मारायचा. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. ऑगस्टमधल्या एका सोमवारी चंपा डाव्या हातानं काड्या वळत होती. उजवं मनगट भाकरीसारखं फुगलं होतं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"घसरले," ती म्हणाली. "पिक्चर सांग की, राजक्का."

त्या आठवड्याचा पिक्चर वसुधाचा होता. वसुधा एका लहान गावातली मास्तरीण, नवरा दारुडा. तो तिचा पगार घेतो, तिला खोलीत कोंडतो, शेवटी एकदा मुलांच्या वह्या चुलीत घालतो. मग वसुधा ट्रंक भरते, लेकीचा हात धरते आणि स्टेशनवर येते. बाकावर बसते. लांबून गाडीची शिट्टी ऐकू येते. नेमके तेव्हा सव्वापाच वाजले होते आणि मी उठले होते.

बुधवारी दुपारी सांगत सांगत मी त्या बाकापर्यंत आले. चंपाचा हात थांबला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाटाकडे बघत होती. मी तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि वसुधाला गाडीत बसवलं. नुसतं बसवलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पोर रडायला लागली तेव्हा वसुधानं पदराच्या गाठीतलं बिस्किट काढून तिला दिलं असं सांगितलं. समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं "कुठं निघालीस?" विचारलं तर वसुधा "पुढं" एवढंच म्हणाली असं सांगितलं. नवरा फलाटावरून पळत आला, त्यानं खिडकीचा गज धरला आणि वसुधानं एकेक करून त्याची बोटं सोडवली, असंही सांगितलं. शेडमधल्या सगळ्या रडल्या. मीही रडले. आपणच रचायचं आणि आपणच रडायचं, एवढी मी निर्लज्ज होते.

गुरुवारी चंपा कामावर आली नाही. यशवंतपूरच्या स्टेशनवर, सकाळच्या हुबळीच्या गाडीत, मुलीला घेऊन बसताना तिला कुणीतरी पाहिलं होतं. दुपारी देवाप्पा शेडवर आला, आरडाओरडा केला, कुठं गेली ते सांगा म्हणाला. आम्ही खाली माना घालून काड्या वळत राहिलो. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि पुढंही कितीतरी रात्री आली नाही. चोवीस वर्षांची पोर, हातात काही नाही, लहान लेकरू बरोबर. मी एका बाईला एका थापेवर गाडीत बसवलं होतं. गाडी तिला कुठं घेऊन गेली, तिचं काय झालं, हे विचारायचं तरी कुणाला?

दोन वर्षांपूर्वी राजाजीनगरला एका लग्नात मी वाढप्यावर ओरडत होते, कारण त्यानं माझ्या पानात सांबार जिलबीवर ओतलं होतं. मागून कुणीतरी माझा दंड धरला.

"राजक्का न्हवं?"

मी वळले. चष्मा, पांढरे केस, ठसठशीत कुंकू. मला ओळख पटेना.

"तोंड न्हाई ओळखलं मी तुझं," ती म्हणाली. "आवाज ओळखला. चार वरीस कानात व्हता."

चंपा! मी तिच्या गळ्यात पडून एवढी रडले की वाढपी घाबरून दुसरं पान घेऊन आला. ती हुबळीला उतरली होती. मुलींच्या वसतिगृहात तिनं भाकऱ्या थापल्या, मग स्वतःची खानावळ काढली, लेकीला शिकवलं. लेक प्रियदर्शनी आता वकील होती, इथंच, आणि आईला घेऊन यशवंतपूरच्या एका उंच इमारतीत राहत होती. माझ्या छातीवरचा केवढा मोठा दगड उतरला म्हणून सांगू! आणि तो उतरतोय तोवर चंपानं दुसरा ठेवला.

"प्रिया, ही राजक्का. हिनंच मला वसुधा सांगितली," ती लेकीला म्हणाली. मग कळलं की दर वर्षी ऑगस्टमध्ये, घर सोडलं त्या दिवशी, मायलेकी घरात गोडधोड करतात आणि चंपा लेकीला वसुधाची गोष्ट सांगते. बिस्किट, म्हातारी, खिडकीचा गज, सगळं. वसुधा गेली म्हणून आपण गेलो, असं सांगते. प्रियदर्शनी तीच गोष्ट ऐकत मोठी झाली होती. पिक्चर दोघींपैकी कुणीच कधी पाहिला नव्हता.

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी जिलबी खात राहिले.

यंदा जुलैमध्ये प्रियदर्शनीचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मावशी, वसुधा सापडली! कुणीतरी जुनी प्रिंट साफ करून नेटवर टाकलीये. या ऑगस्टला चाळीस वर्षं होतायत ना, आईला दाखवायची. मी मुद्दाम बघितली नाही अजून. तुम्ही सुनेला घेऊन आलात की चौघी मिळून बघू."

"सरी, सरी, बरं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. पिक्चरचा शेवट काय होता हे मलाही ठाऊक नव्हतं. कुणी सांगावं, वसुधा खरंच गाडीत बसली असेल, अशी एक वेडी आशाही होती.

त्या संध्याकाळी मी हर्षिताला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाजवळ तरी बोलले, आणि तेही सुनेजवळ. सूनबाई डोळे मोठे करून ऐकत होती.

"आई, म्हणजे तुम्ही रायटर होतात!"

"थापाडी होते," मी म्हणाले. "शेवट काढ आधी."

तिनं मोबाइलवर शेवटची वीस मिनिटं लावली. वसुधा बाकावर बसलेली. शिट्टी. गाडी येते. आणि नवरा येतो. केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. हात जोडतो. लेक "बाबूजी" म्हणत त्याच्याकडे धावते. वसुधा त्याच्या पायाशी वाकते, तो तिला उठवतो, ट्रंक उचलतो आणि पुढं चालायला लागतो. ती मागून डोक्यावर पदर घेऊन. गाडी निघून जाते. सनई वाजते.

"मेल्यानं माती केली," मी त्या दिग्दर्शकाला म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. हर्षिता म्हणाली, "आई, त्या काळी एंडिंग्ज अशाच असायच्या." ते मला ठाऊक होतं. पण पुढं काय? जिच्या भरवशावर चंपा घर सोडून गेली, ती बाई स्वतः नवऱ्याच्या मागून घरी गेली होती. चंपाला हे आता चौसष्टाव्या वर्षी कळणार, लेकीच्या देखत कळणार, आणि माझ्यामुळे कळणार. मला फसवलंस म्हणून तिनं माझ्याकडे पाठ फिरवली असती तर मी काय बोलणार होते? इतक्या वर्षांनी परत मिळालेली मैत्रीण मला पुन्हा गमवायची नव्हती. मला रडूच फुटलं.

हर्षिता इंदिरानगरच्या एका कंपनीत जाहिरातींचे व्हिडिओ कापायचं-जोडायचं काम करते. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आई, रडू नका. गाडी प्लॅटफॉर्मवर येते ना, तिथंच कट मारते. वसुधा उभी राहते, संपलं. मी प्रियाताईंना सांगते, आमच्याकडे जास्त चांगली प्रिंट आहे, पेनड्राइव्हवर आणतो."

"हे बरं नव्हे," मी म्हणाले. "आज करशील?"

ऑगस्टमधल्या ठरल्या रविवारी आम्ही दोघी यशवंतपूरला गेलो. अकरावा मजला, मोठी खिडकी, खाली रेल्वेचं सगळं जाळं दिसत होतं. चंपानं नवी साडी नेसली होती, हिरवी, मोठ्या काठाची. लग्नघरासारखी लगबग चालली होती तिची. शिरा करून ठेवला होता. टीव्हीसमोर तिनं सोफा सोडला आणि खाली चटईवर बसली, मलाही खाली ओढलं. "शेडात बसत व्हतो तसं बसू," म्हणाली. माझे गुडघे कुरकुरले, पण मी बसले, तिच्या डाव्या हाताला, पूर्वीसारखीच.

पिक्चर सुरू झाला. चंपाला हिंदी अजूनही धड येत नाही, पण तिला त्याची गरजच नव्हती. "आता खोलीत कोंडतोय बघ," ती लेकीला सांगायची आणि तो कोंडायचा. "आता वह्या जाळंल." तो जाळायचा. प्रियदर्शनी आईकडे बघून हसत होती. एवढं सगळं बरोबर सांगितलं होतं मी, एक वीस मिनिटं तेवढी नव्हती माझ्याजवळ.

स्टेशन आलं. बाक, शिट्टी, धूर. गाडी फलाटाला लागली. वसुधा लेकीचा हात धरून उभी राहिली. चंपानं माझा हात घट्ट धरला. पडदा काळा झाला. हर्षितानं त्यावर ‘समाप्त’ अशी पाटीही टाकली होती, सुबक अक्षरांत.

"आणि बिस्किट?" चंपा म्हणाली.

ती चटईवरून पडद्याकडे सरकली.

"बिस्किट कुठं गेलं? म्हातारी न्हाई दावली. त्यो खिडकीला धरतोय ते न्हाई दावलं. प्रिया, ह्यांनी कापलंय गं!"

"अर्धवट फाइल असेल," प्रियदर्शनी म्हणाली. "थांब आई, माझ्याकडे लिंक आहे, तिथं पूर्ण असणार." तिनं रिमोट उचलला.

हर्षिता माझ्याकडे बघत होती. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. नेट चालत नाही म्हणता आलं असतं, चक्कर आली म्हणता आलं असतं, आणि माझ्यासारखीला ते अवघडही नव्हतं. पण चंपाचा हात माझ्या हातात होता आणि ती बिस्किटाची वाट बघत होती. मला ते सहन होईना.

"चंपा," मी म्हणाले, "बिस्किट नाही. म्हातारी नाही. गजही नाही. मी रचलं ते. मी त्या पिक्चरचा शेवट कधी पाहिलाच नव्हता. सासूबाईंच्या दिव्यासाठी मी दर वेळी आधीच उठून जायची. एकाही पिक्चरचा शेवट खरा नव्हता, चंपा. हा व्हिडिओही मीच कापायला लावला, तुला कळू नये म्हणून."

तिनं हात सोडला.

"म्हंजे वसुधा गाडीत बसली न्हाई?"

"नाही."

"तू खोटं सांगितलंस."

"होय."

ती एकदम भडकली. मी तिला कधी चिडलेली पाहिली नव्हती, शेडमध्ये तर तिचा आवाजही निघायचा नाही. "चाळीस वरीस, राजक्का! पोरीला सांगत आले मी. पोरीला तर पोरीला, खानावळीत ज्या ज्या बाया रडत यायच्या त्यांना बसवून सांगितलं मी. त्यातल्या तिघी-चौघी गेल्या घर सोडून! वसुधा गेली मग तुम्हाला काय धाड भरलीय, म्हणून सांगितलं मी त्यांना! आणि तू म्हणतीस वसुधा गेलीच न्हाई?"

मला तोंड वर करवेना. मी माफी मागितली, पुन्हा पुन्हा मागितली. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

"दाव," ती लेकीला म्हणाली. "खरं काय झालं ते दाव मला."

"आई, राहू दे आज."

"दाव म्हंते ना."

प्रियदर्शनीनं लावलं. पुन्हा तोच बाक, तीच शिट्टी, आणि मग तो विस्कटलेल्या केसांचा माणूस. त्यानं हात जोडले. लेक धावली. वसुधा वाकली. त्यानं ट्रंक उचलली आणि ती त्याच्या मागून चालायला लागली. सनई वाजली, गाडी निघून गेली. प्रियदर्शनी बंद करायला गेली, पण चंपानं हातानंच थांब म्हटलं. पडद्यावर वसुधाची पाठ दिसत होती, ती तिथंच थांबवायला लावली. चंपा बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होते. तिचा राग उतरत चालला होता, पण त्याच्या जागी काय येत होतं ते मला समजत नव्हतं.

"ट्रंक त्योच उचलतोय," ती हळू म्हणाली. "असंच असतंय. अगदी असंच."

"म्हणजे?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"मी बी दोनदा परत गेले व्हते, प्रिया. तुला कधी सांगितलं न्हाई. एकदा तू पोटात व्हतीस आणि एकदा दोन वर्साची." तिनं खिडकीकडे बोट केलं. "हितंच. खाली त्याच ठेसनात. बाकावर बसले आणि तुझा बा आला. रडला, हात जोडलं, ट्रंक उचलली. मी अशीच मागनं गेले, डोक्यावर पदर घिऊन."

प्रियदर्शनी येऊन आईच्या दुसऱ्या बाजूला चटईवर बसली. इतकी वर्षं ऐकलेल्या गोष्टीत हे कुठं नव्हतं.

"मला वाटायचं, बाई ठेसनावर जाती ती परत यायलाच जाती," चंपा म्हणाली. "गाडीत बसल्यावर म्होरं काय असतंय, पोर रडली तर काय करायचं, कुणी कुठं निघालीस म्हणून इचारलं तर काय सांगायचं, त्यानं गज धरला तर काय करायचं, ह्यातलं मला काय बी ठाव न्हवतं. त्या दिवशी मी तुला बिस्किट दिलं, प्रिया. समोर एक बाई व्हती, तिनं इचारलं, तर 'पुढं' म्हणून सांगितलं. मला तेवढंच येत व्हतं."

आता मी उघड उघड रडत होते. हर्षिताही डोळे पुसत होती.

"मग तिसऱ्यांदा तू परत का नाही गेलीस?" प्रियदर्शनीनं विचारलं.

चंपानं पडद्यावरच्या त्या पाठीकडे पाहिलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ह्या बिचारीजवळ कुणी न्हवतं," ती म्हणाली. "शेडात माझ्या डाव्या हाताला ही बसली व्हती."